बावीस इंची मोह

कोकणात चेनसॉ पूर्वीही होता, पण तो लाकडाच्या ठेकेदाराकडे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, पुढच्या मे महिन्यात तौक्तेने उरलंसुरलं झोडपलं, आणि आडव्या झालेल्या सुपाऱ्या-नारळींपुढे कुऱ्हाड घेऊन उभ्या राहिलेल्या बागायतदाराला कळून चुकलं की हे हाताने उरकण्यातलं काम नाही. मग मशीन घरात आलं. मशीनपाठोपाठ सल्ले आले. काही शेजाऱ्याचे, काही दुकानदाराचे, बरेचसे मोबाइलवरच्या व्हिडिओतले. त्यातले काही नुसते खिशाला चाट लावणारे आहेत, काही जिवावर बेतणारे.

‘कुठलं मशीन चांगलं?’ या प्रश्नाला उत्तर नाही. लाकूड किती जाड, कापताना पाय कुठे असणार आणि कापलेलं कशातून नेणार, ही माहिती आधी हवी. खोक्यावरचे आकडे त्यानंतर वाचायचे.

‘बार जितका लांब, तितकं मशीन दमदार’

तालुक्याच्या दुकानात किंवा ऑनलाइन चेनसॉ शोधला की ‘५८ सीसी, २२ इंच’ हमखास समोर येतो. बार म्हणजे साखळी ज्यावरून धावते ती पोलादी पट्टी. ती लांब केल्याने इंजिनाची ताकद वाढत नाही. उलट त्याच इंजिनाला जास्त साखळी ओढावी लागते आणि अख्खा बार जाड लाकडात शिरला की मशीनचा दम निघतो. सीसीचंही तसंच. ५० सीसीचं एक इंजिन जेमतेम २ किलोवॅट देतं, तेवढ्याच मापाचं दुसरं ३ किलोवॅट. म्हणून खोक्यावर किलोवॅट शोधा आणि त्याच्या शेजारी वजन. किलोवॅटचा आकडा छापलेलाच नसेल, तर तेही उत्तरच समजायचं.

आंब्याची छाटणी, वादळात पडलेल्या फांद्या, घरच्या चुलीची फाटी एवढंच काम असेल तर १४ ते १६ इंची बार पुरेसा आहे. १६ इंच म्हणजे ४० सेंटिमीटर. आडव्या पडलेल्या बुंध्याला दोन्ही बाजूंनी काप घेतले तर त्याच बारने ६० सेंटिमीटर जाडीचाही तुकडा होतो. २२ इंची बार लागावा असा बुंधा वर्षातून एखादा निघतो. तो ठेकेदारावर सोपवावा, त्यासाठी वर्षभर जड मशीन उचलत बसू नये.

लांब बारचा खरा धोका त्याच्या टोकाला आहे. साखळी वरच्या कडेने पुढे धावते आणि टोकावरून खाली वळते. त्या वळणाच्या वरच्या भागाला लाकूड लागलं की दात रुततो, आणि साखळीची सगळी ताकद बारला वर आणि मागे, थेट कापणाऱ्याच्या तोंडाकडे भिरकावते. हे इतक्या झटक्यात होतं की हात आवरायला वेळच मिळत नाही. फांद्यांच्या गुंत्यात काम करताना लांब बारचं टोक नजरेआड असतं, त्यामुळे ते कशाला लागलं हे झटका बसल्यावरच कळतं.

पुढच्या मुठीसमोर उभा कठडा असतो. तो हाताला काड्या लागू नयेत म्हणून बसवलाय असं अनेकांना वाटतं. तो साखळीचा ब्रेक आहे. झटका बसला की मनगट त्याच्यावर आपटतं आणि साखळी थांबते, चांगल्या मशीनमध्ये तो झटक्याच्या जोरानेही आपोआप पडतो. पण डाव्या हाताचा अंगठा मुठीखालून वळसा घालून घट्ट धरलेला नसेल, तर हात निसटतो आणि ब्रेक असून नसल्यासारखा होतो. विकत घेताना मशीन चालू करायला लावा, साखळी फिरत असताना मूठ न सोडता मनगटाच्या मागच्या बाजूने तो कठडा पुढे ढकला. साखळी तिथल्या तिथे थांबली पाहिजे. घरंगळत थांबत असेल तर किंमत कितीही कमी असो, मशीन तिथेच ठेवायचं.

‘टू-टी ऑइल चार थेंब जास्त गेलेलं बरं’

पेट्रोलच्या चेनसॉला टू-स्ट्रोक इंजिन असतं. त्यात ऑइलची वेगळी टाकी नसते, पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइल हेच पिस्टनचं वंगण. ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली, २५:१ म्हणजे ४० मिली. आपल्या मशीनला आणि आपल्या ऑइलला कुठलं प्रमाण लागतं ते माहितीपुस्तिकेत लिहिलेलं असतं. कमी पडलं तर पिस्टन धरतो. जास्त झालं तर प्लगवर आणि सायलेन्सरमध्ये काजळी बसते, आणि मशीन ‘सुरूच होत नाही’ म्हणून फिटरकडे जातं. ‘साधारण एवढं’ म्हणून बाटलीच्या झाकणाने मोजू नका. औषधाच्या दुकानात मिळणारी खुणांची सिरिंज घ्या, काम भागतं.

दुसरी भानगड पेट्रोलची. आता पंपावर मिळणाऱ्या साध्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि चेनसॉच्या अनेक माहितीपुस्तिका १० टक्क्यांपर्यंतच चालेल असं सांगतात. इथेनॉल हवेतली ओल शोषतं. कोकणातल्या पावसाळ्यात ओलीला तोटा नाही. टाकीत तीन महिने पडून राहिलेल्या मिश्रणाने कार्ब्युरेटरमधला रबरी पडदा कडक होतो, आणि दिवाळीनंतर मशीन बाहेर काढलं की ते गुरगुरतं आणि बंद पडतं. उपाय साधा आहे. मिश्रण त्या कामापुरतंच करायचं, काम संपलं की टाकी रिकामी करायची आणि मशीन आपसूक बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं.

साखळीसाठी वेगळं ऑइल लागतं. तिथे गाडीतून काढलेलं जळकं ऑइल घालणारे पुष्कळ भेटतात, ‘फुकट तर आहे’ म्हणून. ते साखळीवर टिकत नाही, त्यात धातूचा कीस असतो, आणि त्याचा फवारा दिवसभर कपड्यांवर, कातडीवर आणि तुमच्याच बागेच्या मातीत उडत राहतो. जळकं ऑइल वारंवार कातडीला लागणं कर्करोगाला आमंत्रण देणारं आहे, हे गॅरेजवाल्यांनाही कुणी सांगत नाही.

मशीन कमजोर झालंय की साखळी बोथट, हे भुसा सांगतो. धारदार साखळी लाकडाचे छोटे-छोटे चपटे तुकडे फेकते. पिठासारखी पूड पडायला लागली आणि मशीन दाबून धरावं लागलं की कानस काढायची. कानस गोल, साखळीच्या मापाची, बहुधा ४ किंवा ४.८ मिलिमीटरची. नवी साखळी बोथट व्हायला दिवसच जायला हवा असं नाही. किनाऱ्यावरच्या वाडीत, वाळूत पडलेली नारळी कापताना साखळी क्षणभर जमिनीला लागली तरी धार गेलीच.

‘बॅटरीवालं म्हणजे खेळणं’, आणि त्याचा जुळा भाऊ ‘बॅटरीवालं म्हणजे निर्धोक’

चांगल्या कंपनीचा बॅटरीवरचा चेनसॉ छाटणीला उत्तम. आवाज कमी, धूर नाही, दोरी ओढायची कटकट नाही, पेट्रोल शिळं होण्याची चिंता नाही. दिवसभर बुंधे कापायचे असतील तर मात्र बॅटऱ्यांचा खर्च मशीनच्या वर जातो. निर्धोक तर तो मुळीच नाही. झटका तसाच बसतो, आणि बटण दाबल्याक्षणी साखळी धावते. पेट्रोलचं मशीन निदान गुरगुरून सावध तरी करतं.

एका हातात मावणारे चार-सहा इंची छोटे सॉ सध्या सगळीकडे आहेत. त्यांच्या बॅटरीवर ‘४८ व्हीएफ’, ‘८८ व्हीएफ’ असं ठळक छापलेलं असतं. ते व्होल्ट नव्हेत. अशा बॅटरीत बहुधा पाच लिथियम सेल एकापुढे एक जोडलेले असतात. एक सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट, म्हणजे पाचांचे मिळून २१. ‘व्हीएफ’ला मोजमापाच्या दुनियेत काही अर्थ नाही, तो फक्त ‘व्ही’ असल्याचा भास आहे. मनगटाएवढ्या फांदीपर्यंत हे यंत्र ठीक आहे. पण तेवढ्याच फांदीला छाटणीची एक वाकडी करवत पुरते. ती स्वस्त असते, चार्ज करावी लागत नाही, आणि मला विचाराल तर चेनसॉ घ्यायला निघालेल्या निम्म्या लोकांना खरी गरज तिचीच असते.

‘शिडी लावली की वरचं काम होतं’

शिडीवर चेनसॉ नेऊ नये. त्याला अपवाद नाही. चेनसॉला दोन्ही हात लागतात, मग शिडीला धरणार कशाने? शिवाय फांदी सुटली की तिचा झाडावर उरलेला भाग आपल्या जागी राहत नाही. वजन गेल्यावर ज्या फांदीवर शिडी टेकवली आहे ती वर उसळते, शिडीचं टोक सुटतं. नाहीतर कापलेली फांदी खाली न पडता झुलत येऊन शिडीच्या पायाला धडकते. खांद्याच्या वर मशीन उचलायचं नाही हा नियमही याच धर्तीचा आहे.

एका हाताने धरता येईल असा, मूठ वर असलेला छोटा चेनसॉ मिळतो. तो दोर आणि हार्नेस वापरून झाडावर काम करायला शिकलेल्यांसाठी बनवलेला आहे. जमिनीवरच्या कामासाठी ‘हलका आहे’ म्हणून घेतला तर त्याचा झटका आवरणं जास्त अवघड. आपला नारळावर चढणारा पाडेली कितीही पटाईत असो, कोयत्याचं कसब चेनसॉला लागू होत नाही.

जमिनीवर उभं राहून वरच्या फांद्या काढायच्या असतील तर लांब दांड्याचा सॉ घ्या. फांदीच्या बरोब्बर खाली न उभं राहता बाजूला उभं राहायचं, आणि आधी खालून थोडा काप घेऊन मग वरून कापायचं, म्हणजे साल उतरून खोडाला जखम होत नाही. या यंत्राचा मोठा धोका मात्र वीज आहे. दांडा बहुधा ॲल्युमिनियमचा असतो, आणि ११ केव्हीच्या तारेला तो लागायचीही गरज नसते, नुसता जवळ गेला तरी वीज उडी मारते. माहितीपुस्तिकांमध्ये तारांपासून १५ मीटर अंतर सांगितलेलं असतं. कोकणात एवढी मोकळी जागा असलेली वाडी शोधावी लागेल! म्हणून तारेजवळचं झाड असेल तर आधी महावितरणला सांगून लाइन बंद करून घ्यायची, मग यंत्राचा विचार.

जेसीबीच्या बकेटमध्ये माणूस उभा करून फांद्या तोडण्याची पद्धतही आता रूढ होते आहे. ती बकेट माती उचलायला आहे. तिला कठडा नाही, चालकाच्या हाताखालचा दांडा चुकून हलला की ती उलटते.

‘फोर बाय फोर असली की बस्स’

वाहन निवडताना सगळे चाकांकडे बघतात, वजनाकडे कुणीच बघत नाही. गणित करून बघा. ६० सेंटिमीटर व्यासाचा, ३ मीटर लांब ओंडका म्हणजे जवळजवळ ०.८५ घनमीटर लाकूड. ओल्या आंब्याचं वजन घनमीटरला ९०० किलोच्या आसपास धरलं तर हा एकटा ओंडका साडेसातशे किलोच्या वर जातो. ‘छोटा हत्ती’ टेम्पोची क्षमता साधारण तेवढीच. म्हणजे एका ओंडक्यात गाडी भरली, मागे कितीही जागा रिकामी दिसत असो. मोठी पिकअप १.३ ते १.७ टन घेते, त्यातल्या दीड टनाच्या वरच्या गाडीतच असे दोन बसतात. डहाळ्यांचं उलट आहे. त्या हलक्या, पण अवाढव्य, तिथे उंच फळ्यांची ट्रॉली बरी. अरुंद पाखाडीतून न्यायचं असेल तर पॉवर टिलरच्या ट्रॉलीला पर्याय नाही.

फोर बाय फोर चिखलातून वर काढते. उतारावर थांबवताना तिचा फारसा उपयोग नाही, कारण ब्रेक फोर बाय फोर नसलेल्या पिकअपलाही चारही चाकांना असतात. ट्रॅक्टरच्या बऱ्याच ट्रॉल्यांना तर स्वतःचे ब्रेकच नसतात. लाकडाने भरलेली ट्रॉली घाटात ट्रॅक्टरला मागून ढकलते, आणि तिथे चार चाकांना ताकद असून भागत नाही.

झाड ओढून पाडणं हा तर वेगळाच अध्याय. दोर ट्रॅक्टरला मागच्या आसापेक्षा उंच बांधला आणि झाड हललं नाही, तर मागची चाकं जागेवर, पुढची हवेत, आणि ट्रॅक्टर मागे चालकाच्या अंगावर. हे एका श्वासाच्या आत होतं. दोर खालच्या ड्रॉबारलाच बांधायचा, आणि तो झाडाच्या उंचीपेक्षा बराच लांब हवा, नाहीतर झाड ओढणाऱ्याच्याच अंगावर येतं. ताणलेला नायलॉनचा दोर तुटला तर तो चाबकासारखा मागे येतो, तेव्हा त्याच्या रेषेत माणूस नको. पोकळ किंवा वाळलेलं झाड जेसीबीने ढकलू नये. हादऱ्याने वरची वाळकी फांदी आधी सुटते, ती थेट केबिनवर.

एक नुकसान डोळ्यांना दिसत नाही. आंब्याची अन्न घेणारी बारीक मुळं बरीचशी वरच्या थरातच असतात. पावसाळ्यात जड गाडी थेट झाडाखाली नेली की माती दाबली जाते, आणि शेजारचं धडधाकट कलम दोन वर्षांनी का सुकतंय याचा शोध सुरू होतो. गाडी कडेला उभी करून ओंडके हातविंचने ओढून आणणं हळू होतं, पण बाग वाचते.

‘जाड जीन्स चालते’

नाही चालत. चेनसॉची खास पँट साखळीला तोंड देते ती कापड जाड असल्यामुळे नव्हे. तिच्यात लांब धाग्यांचे थर असतात, ते साखळीत ओढले जाऊन चक्राभोवती गुंडाळतात आणि मशीन अडकून बंद पडतं. स्वस्त चेनसॉच्या निम्म्याहून जास्त पैसे तिच्यावर जाऊ शकतात, म्हणून मशीन घेतानाच हिशोबात धरा. हेल्मेट, जाळी आणि कानावरची झाकणंही. पेट्रोलचा चेनसॉ १०० डेसिबलच्या वर ओरडतो.

‘माझी जमीन, माझं झाड’

महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आंबा, फणस, जांभूळ, चिंच, साग ही झाडं आहेत, ती स्वतःच्या जमिनीत असली तरी तोडायला परवानगी लागते. शहरी हद्दीत १९७५ चा वेगळा कायदा आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांवरचं झाड तिथे वारसा वृक्ष ठरतं. लाकूड रस्त्याने न्यायला वाहतूक परवाना लागतो का, हेही त्याच फेरीत वनखात्याकडे विचारून घ्यावं. कागद हातात येईपर्यंत मजूर आणि पिकअप सांगून ठेवू नये, दोघांचंही भाडं दिवसावर असतं.