भेट की विष?

आम्ही सेमिनरीत शिकत असतानाची गोष्ट. कोठीची साफसफाई करताना पूर्वीच्या जर्मन फादरांच्या सामानात एक गंजलेला डबा सापडला. त्यावर ठळक रोमन अक्षरांत ‘गिफ्ट’ असे लिहिलेले! कोणी भेटच ठेवली असावी, असे समजून आमच्यातील एकाने झाकणाला हात घातला. इतक्यात आमचे वृद्ध आचार्य ओरडले, “अरे, ठेव खाली! उंदरांचे विष आहे ते.”

इंग्रजीत जी भेट, ते जर्मनमध्ये विष. स्वीडिश भाषेत तर याच अक्षरांचा अर्थ विष असा होतो आणि ‘विवाहित’ असाही! (त्यावर तिकडे पुष्कळ विनोद होतात, ते येथे नकोत.) मूळ मात्र सर्वांचे एकच : देणे. जुन्या इंग्रजीत वधूसाठी दिलेल्या धनास हा शब्द असे, आणि त्याचे अनेकवचन म्हणजे विवाह. आपणही ‘मुलगी अमक्या गावी दिली’ असेच म्हणतो ना?

मग देण्याचे विष कसे झाले? ग्रीक वैद्य औषधाच्या मात्रेला ‘दोसिस’, म्हणजे ‘देणे’, म्हणत. तो शब्द लॅटिनमध्ये गेला व जर्मनांनी त्याचे भाषांतर ‘गिफ्ट’ असे केले. विषाचे नाव उघड घेण्यापेक्षा ‘दिलेली मात्रा’ म्हणणे सोयीचे. पुढे तोच अर्थ उरला. लॅटिन ‘पोतिओ’ म्हणजे नुसते पेय. त्यापासूनच फ्रेंचांमार्फत इंग्रजीचे ‘पॉयझन’ आले. दवाखान्यातील आपला ‘डोस’ हा तोच ग्रीक शब्द होय, आणि आपले ‘दान’ त्याचे सख्खे आप्त.

जर्मन भाषेत जुना अर्थ ‘मिटगिफ्ट’ या शब्दात अजून टिकून आहे. सोबत दिलेले, अर्थात मुलीबरोबर द्यावयाचा हुंडा.

गेल्या वर्षी एक शेतकरी मुलीच्या लग्नाची नोंद करण्यास आमच्याकडे आला. खिशात आकडे मांडलेला कागद, मनात शेताचा तुकडा विकण्याचा विचार. हुंड्यास १९६१ सालच्या कायद्याने बंदी आहे, हे त्याला ठाऊक होते. वरपक्षालाही ते ठाऊक असावे. ते ‘भेट’ असाच शब्द वापरीत होते. आम्ही त्याला डब्याची हकीकत सांगितली. बराच वेळ तो गप्प बसला. मग म्हणाला, “फादर, तो जर्मन शब्द मला लिहून द्या. पाव्हण्यांना दाखवतो.”

आम्ही त्याच कागदाच्या पाठीवर लिहून दिला.