प्री-फिल्टरचा बाउल घट्ट बसलाय? जोर लावण्याआधी ओ-रिंग बघा

आरओ मशिनच्या बाहेर भिंतीवर जो पांढरा किंवा पारदर्शक बाउल लटकत असतो, तो प्री-फिल्टर. त्यातली कँडल बदलणं म्हणजे खरं तर दहा मिनिटांचं काम. पण बाउल हलतच नाही, किंवा कसाबसा उघडला तर परत नीट बसत नाही. मग मोठा पाना येतो, दोघं मिळून जोर लावतात आणि कधीतरी प्लास्टिकला बारीक तडा जातो. तो तडा त्या दिवशी दिसत नाही. रात्री नळाचा वापर थांबून लाइनमधला दाब वाढला, की सकाळी स्वयंपाकघरात पाणीच पाणी.

या सगळ्याच्या मुळाशी असते एक काळी रबरी कडी, म्हणजे ओ-रिंग. डेन्मार्कहून अमेरिकेत गेलेल्या नील्स ख्रिस्तेनसेन यांना तिचं पेटंट 1939 साली मिळालं. कल्पना साधी आहे. रिंग तिच्या खाचेपेक्षा थोडी जाड असते, त्यामुळे झाकण बसलं की ती दाबली जाते. न हलणाऱ्या जोडात हा दाब साधारण जाडीच्या 15 ते 30 टक्के ठेवतात. पुढचं काम पाणीच करतं: पाण्याचा दाब रिंगला फटीच्या दिशेने ढकलतो आणि फट बंद होते. म्हणून प्लास्टिकला प्लास्टिक टेकल्यावर आणखी आवळून गळती थांबत नाही, फक्त आट्यांवर ताण येतो.

आता घट्टपणा येतो कुठून? रबर दाबलं की आकार बदलतं, पण त्याचं आकारमान जवळजवळ कमी होत नाही. म्हणून खाचेत थोडी मोकळी जागा मुद्दाम ठेवलेली असते. ती जागा भरली, की रिंग अडून बसते. आणि ती भरण्याचा आपल्याकडचा सगळ्यात लोकप्रिय उपाय म्हणजे खोबरेल तेल नाहीतर पेट्रोलियम जेली! पाण्याच्या फिल्टरमध्ये बरेचदा ईपीडीएम नावाचं रबर असतं. ते पाण्याला उत्तम, पण पेट्रोलियमचं तेल लागलं की फुगतं. म्हणजे आज सरकन बसलेला बाउल पुढच्या वेळी जास्तच घट्ट होतो. नायट्राइल रबर तेलाला टिकतं, पण दोन्ही रिंगा काळ्याच. डोळ्यांनी फरक कळत नाही, त्यामुळे दोघींना चालेल असंच वंगण घ्यायचं: फूड ग्रेड सिलिकॉन ग्रीस. छोटी ट्यूब बरीच वर्षं पुरते.

एक अपवाद लक्षात ठेवा. रिंगच सिलिकॉन रबरची असेल, तर सिलिकॉन ग्रीसनेही ती फुगू शकते. तिथे खाण्यायोग्य ग्लिसरीनचा हलका हात पुरतो.

उघडताना आधी मशिनचा प्लग काढा, पाण्याचा कॉक बंद करा आणि आतला दाब सोडा. डोक्यावर लाल बटण असेल तर ते दाबा, नसेल तर बाहेर जाणारी नळी सोडा, खाली बादली ठेवून. दाब तसाच ठेवून पाना लावणं म्हणजे पाण्याशीच कुस्ती. दुसरी गंमत दिशेची. बाउल खाली लटकलेला असतो, आणि आपण उभे राहून वरून बघतो. खालून बघितल्यावर घड्याळाच्या उलट, तीच उघडण्याची दिशा. ‘उघडतच नाही’ म्हणून चाललेली बरीच झटापट खरं तर आवळण्याची असते.

रिंग काढायला सुरी, पिन, स्क्रूड्रायव्हर नको. खाचेवर एक ओरखडा पडला तरी तिथून कायम थेंब येत राहील. दोन अंगठ्यांनी रिंग एकमेकांकडे सरकवली की मध्ये उंचवटा येतो, तिथून ती उचलायची. जुन्या एटीएम कार्डाचा कोपराही चालतो. मग खाच आणि आटे पुसून घ्या. बोअरचं पाणी असेल तर पांढरा क्षार हमखास सापडेल. लिंबाचा रस लावून थोडा वेळ ठेवला की तो सुटतो. बरेचदा दोष रिंगचा नसतोच, आट्यांत बसलेल्या या क्षाराचा असतो.

रिंग बोटांत फिरवून बघा. एका बाजूने चपटी झाली असेल, चिरा असतील किंवा खाचेत ठेवताना सैल होऊन वर येत असेल, तर बदला. जुनी फुगलेली रिंग घेऊन दुकानात जाऊ नका, माप चुकतं. बाउलचं मॉडेल सांगून मागा. ‘एक नंबर मोठी चालेल की,’ असं दुकानदार म्हणाला तर माझं उत्तर नाही असंच असेल. अर्धा मिलिमीटर जास्त जाडी म्हणजे पुन्हा तीच घट्ट रिंग.

ग्रीस मुगाच्या दाण्याएवढं घ्या. बोटावर पसरून रिंग त्यातून फिरवा. ती चकाकली पाहिजे, गोळे दिसता कामा नयेत. रिंग पीळ न पडता खाचेत ठेवा आणि बाउल हाताने आवळा. पाना फक्त उघडण्यासाठी.

कॉक हळूहळू उघडा, बाउल कोरडा पुसा आणि सांध्याभोवती टिश्यू पेपर गुंडाळून ठेवा. दहा मिनिटांनी बघा, आणि झोपण्याआधी एकदा. कागद कोरडा असेल तर काम झालं.