आत्म्यावाचून नीती टिकेल काय?

माणसाची जाणीव, त्याची बरेवाईट ओळखणारी बुद्धी आणि ज्याला आपण आत्मा म्हणतो ते, या तिन्हींचा उलगडा देह, मेंदू आणि अन्नपाणी यांच्या हिशेबात होतो, की त्यासाठी जडापलीकडचे काही मानावे लागते? हा पंडितांचा प्रश्न म्हणून आपण बाजूला सारतो. पण तो कारखान्याच्या दारापर्यंत येऊन पोचतो. माणूस म्हणजे नुसते यंत्र असे ठरले, की त्याला तेलपाण्यापुरती मजुरी पुरे असे म्हणणारे निघतात. माणूस म्हणजे नुसता आत्मा असे ठरले, की देहाचे हाल ही माया, ते मुकाट्याने सोसावेत, असे सांगणारे निघतात. दोन्हींकडून पोट मारले जाते ते एकाच माणसाचे. म्हणून कष्ट करून जगणाऱ्याने या वादात लक्ष घातले पाहिजे.

वाद जुना आहे. चार्वाकमताच्या लोकांनी त्यासाठी विड्याचा दाखला दिला होता. पान, सुपारी आणि चुना वेगवेगळे ठेवले तर लाली दिसत नाही. एकत्र चघळले की ओठ रंगतात. तशीच महाभूतांच्या मिलाफातून देहात चेतना येते, असे त्यांचे म्हणणे. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांवरील भाष्यात याला उत्तर दिले. प्रेताला रूप असते, आकार असतो, पण चेतना नसते. चेतना हा देहाचाच गुण असता, तर देह आहे तोवर ती राहिली असती.

उत्तर धारदार आहे, पण पुरे नाही. बंद पडलेल्या गिरणीत माग, पट्टे, चाके सगळी जागेवर असतात. कापड तेवढे निघत नाही. एवढ्यावरून कापड विणणारा कोणी अदृश्य पुरुष निघून गेला असे ठरत नाही. चालणे थांबले, एवढेच ठरते.

मन हे मेंदूच्या चालण्याशी किती घट्ट बांधलेले आहे, हे एका मजुराच्या अपघाताने जगाला दाखवले. वरंधा घाटासारखे रस्ते फोडताना सुरुंगात दारू ठासतात, तेच काम फिनिअस गेज नावाचा मुकादम १८४८ साली अमेरिकेत व्हर्माँट येथे रेल्वेमार्गावर करीत होता. दारूचा भडका उडाला आणि सुमारे साडेतीन फूट लांबीची लोखंडी पहार त्याच्या डाव्या गालाखालून शिरून टाळूतून बाहेर पडली. तो वाचला, चालू-बोलू लागला. पण पूर्वी जबाबदार आणि शांत असलेला हा माणूस लहरी आणि शिवराळ झाला. हा आमचा पूर्वीचा गेज नव्हे, असे त्याच्या ओळखीचे लोक म्हणू लागले. पुढे चिलीमध्ये त्याने घोड्यांच्या टपालगाडीवर काही वर्षे काम केले, म्हणजे बराच सावरलाही असावा. १८६० साली तो वारला. स्वभाव आणि संयम ही आत्म्याची निर्लेप लक्षणे असती, तर लोखंडाची पहार त्यांना कशी लागली असती?

आता दुसरी बाजू. जर्मन तत्त्ववेत्ता लाइबनिट्स याने १७१४ साली असा विचार मांडला की, विचार करणारे एखादे यंत्र गिरणीएवढे मोठे केले आणि आपण आत शिरून पाहिले, तर एकमेकांना ढकलणारे भागच दिसतील. जाणीव कोठेच दिसणार नाही. ही शंका आजही पुरती मिटलेली नाही. विंचू चावल्यावर कोणती नस काय निरोप नेते ते शास्त्र सांगते. पण त्या निरोपाची कळ का व्हावी, याचा सर्वमान्य उलगडा झालेला नाही. जडवाद्याने हे मोकळेपणाने कबूल करावे. मात्र उलगडा झाला नाही म्हणजे आत्मा सिद्ध झाला, असेही नव्हे. न सुटलेल्या गणिताला नाव दिल्याने ते सुटत नाही.

नीतीचा प्रश्न याहून वेगळा आहे. खडी क्रशरवरची धूळ फुप्फुसात बसते आणि पुढे श्वास कोंडतो, हे शास्त्र सांगते. पण मालकाने धूळ अडवण्याचा खर्च करावा, हे ते शास्त्र आपल्या तोंडाने सांगत नाही. कामगार नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्यात कोष्टक होते. पुढच्या काळात त्यात अंगठा गेल्यास कमाईच्या शक्तीचे ३० टक्के नुकसान धरले जाई. ३० हा आकडा मापाने येतो. भरून दिलेच पाहिजे, हे मापाने येत नाही.

नेमक्या याच जागी लोकमान्य टिळकांनी १९१५ च्या गीतारहस्यात बोट ठेवले. पुष्कळांचे पुष्कळ सुख एवढीच कसोटी त्यांना अपुरी वाटली. त्यांनी अमेरिकेतला दाखला दिला आहे: ट्रामगाडी साऱ्या शहराच्या सोयीची, पण परवानगी लवकर मिळावी म्हणून लाच दिली गेली. सोय झाली तरी कृत्य शुद्ध होत नाही. करणाऱ्याची बुद्धी पाहावी लागते. इथवर टिळकांचे म्हणणे मला मान्य आहे. त्या बुद्धीचा पाया त्यांनी सर्वभूतात्मैक्यात, म्हणजे सर्वांच्या ठायी एकच आत्मा आहे या ज्ञानात शोधला. तो पाया अपरिहार्य आहे काय?

गोपाळ गणेश आगरकर अज्ञेयवादी होते. परलोकाची आशा नसताना त्यांनी आईला आपल्याकडून मोठ्या पगाराची अपेक्षा करू नकोस असे कळवले आणि शिक्षकाचे काम पत्करले. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर या दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. आत्म्याविषयी दोघांची मते पुढे दोन दिशांना गेली. पण दिल्या शब्दासाठी तुरुंगात जाण्याची तयारी दोघांची सारखीच होती.

मग ही तयारी राहते कोठे? आमच्या धंद्यातले उदाहरण देतो. १९२६ च्या कायद्याखाली सात कामगारांच्या सहीने युनियनच्या नोंदणीचा अर्ज करता येई. युनियन त्या सातांपैकी कोणाच्याही छातीत सापडत नाही. साती जण निवृत्त झाले तरी ती राहते, करार करते, दिलेला शब्द पाळते. तरी त्या माणसांच्या आणि त्यांच्यामागून येणाऱ्यांच्या वेगळे असे तिच्यात भूत नाही. नीतीचेही असेच आहे. ती माणसामाणसांत असते. माझी कळ मला कळते, तुझीही तशीच असते हे मी ओळखतो, आणि ओळखले की मोकळे सुटता येत नाही.

भोर-वेल्ह्याच्या लोकांना बाजीप्रभूंची गोष्ट नव्याने सांगायला नको. ते आपल्या तालुक्यातल्या शिंदचे. १६६० साली घोडखिंडीत ते आणि त्यांच्याबरोबरचे बांदल मावळे उभे राहिले. वतनाच्या हिशेबाने पाहिले तर खिंड सोडणेच शहाणपणाचे होते. म्हणून निव्वळ पोटाचा हिशेब इथे अपुरा पडतो. बाजीप्रभूंची श्रद्धा काय होती, तो प्रश्न त्यांचा. पण आत्मा अमर म्हणून देह सहज टाकला असे म्हटले, तर त्या त्यागाचे मोल उलट कमी होते. जीव एकदाच मिळतो आणि तो मागे येणाऱ्यांसाठी दिला, यातच त्याची थोरवी आहे.

तात्पर्य, जाणिवेचा शोध शास्त्राने पुढे न्यावा आणि जिथे अडेल तिथे अडले म्हणावे. आत्मा मानणाऱ्याने खुशाल मानावा. नीतीसाठी मात्र या निकालाची वाट पाहण्याची गरज नाही. धुळीत काम करणाऱ्याला खोकला आज येतो, आणि तो ऐकू येण्यासाठी कान आणि शेजारधर्म एवढे पुरे आहेत.