ताणलेली तार आणि हूकचा नियम
इंग्लिश शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यांनी 1678 मध्ये मांडलेल्या नियमानुसार स्प्रिंगची लांबी तिच्यावरील बलाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वजन दुप्पट केले की वाढही दुप्पट होते. मात्र मळसूत्री स्प्रिंग ताणताना तिच्यातील तार मुळात लांबत नसून तिला पीळ बसतो, हे सहसा लक्षात येत नाही. सरळ तार खरोखर लांबते, पण अगदी किंचित: एक मीटर लांबीच्या व एक चौरस मिलिमीटर छेदाच्या पोलादी तारेला 10 किलोग्रॅमचे वजन टांगल्यास ती जेमतेम अर्धा मिलिमीटर वाढते. एकक क्षेत्रफळावर येणाऱ्या बलाला प्रतिबल आणि मूळ लांबीच्या तुलनेत झालेल्या वाढीला विकृती म्हणतात; या दोहोंचे गुणोत्तर, म्हणजेच यंगचा गुणांक, पदार्थाचा ताठपणा दाखवतो. वजन काढताच तार पूर्ववत होते, कारण अणूंमधील अंतर तेवढ्यापुरतेच वाढलेले असते; परंतु मृदू पोलादाच्या अशा तारेवरील वजन साधारण 25 किलोग्रॅमच्या पुढे गेले, की स्फटिकातील अणूंचे थर एकमेकांवरून घसरू लागतात आणि ती कायमची लांबते. रबराची गोष्ट निराळी. त्याच्या गुंतलेल्या रेणुसाखळ्या ताणाने सरळ होत असल्यामुळे ते कित्येक पट लांबते खरे, पण हूकचा नियम सुरुवातीच्या थोड्याशा ताणापुरताच पाळते.