घरच्या घरी रत्नांची खोदाई

सुट्टी लागली की आमच्या वर्गातल्या मुलांच्या अम्मी विचारू लागतात, ‘सर, मोबाईल बाजूला ठेवतील असे काही सांगा ना!’ खेळण्यांच्या दुकानात हल्ली एक खोका मिळतो. त्यात प्लास्टरची एक वीट, विटेच्या पोटात चार-पाच रंगीत खडे आणि सोबत प्लास्टिकची छिन्नी. मुले त्यात तासन्‌तास रमतात, हे खरे. पण कुठले कुठले खडे परक्या विटेतून काढायचे आणि आपल्या अंगणाखाली काय दडले आहे त्याचा पत्ता नाही, हे आम्हाला खटकते. विशेषतः मावळातल्या मुलांच्या बाबतीत.

लोणावळा, खंडाळा, कार्ला, वडगाव, सगळीकडे पायाखाली काळा कातळ आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला आणि थरावर थर साचून हा कातळ तयार झाला. थंड होताना लाव्ह्यातल्या वाफा आत अडकल्या. खमिरी रोटी फोडली की आत जाळी दिसते ना, तशाच पोकळ्या दगडात राहिल्या. पुढे गरम पाणी कातळातून झिरपले, त्यात विरघळलेली खनिजे या पोकळ्यांच्या भिंतींवर बसत गेली आणि त्यांचे स्फटिक झाले.

बोरघाटाच्या रेल्वेचे काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि १८६३ मध्ये गाडी घाट चढली. २५ बोगदे खोदले गेले. हजारो मजूर त्यात राबले आणि कित्येक रोगराईने दगावले. त्या खोदाईत कातळ फुटला तेव्हा आतून पांढरे, गुलाबी, हिरवट स्फटिक बाहेर पडले आणि त्यांचे नमुने थेट युरोपातल्या संग्रहालयांत पोहोचले. यातल्या बऱ्याच खनिजांना झिओलाइट म्हणतात. हे नाव १७५६ मध्ये स्वीडनच्या क्रोनस्टेट यांनी दिले. असा खडा तापवला की त्यातून वाफ निघते, म्हणून ‘उकळणारा दगड’. पुण्याजवळ वाघोलीच्या खदाणींत मिळालेले निळेशार कॅव्हन्साइट तर जगभरचे संग्राहक शोधत असतात. आपल्या वडीलधाऱ्यांच्या बोटातला अकीकही याच घराण्यातला. गुजरातेत रतनपूरकडे सापडणारा आणि खंभातच्या कारागिरांनी घासलेला अकीक मुळात याच लाव्ह्याच्या पोकळ्यांत जन्मलेला आहे.

हे ऐकले की मुले म्हणणार, चला खदाणीत. तिथे मात्र त्यांना मुळीच जाऊ देऊ नका. सुरुंगाने सैल झालेल्या दरडी, पावसाळ्यात भरलेले खोल खड्डे, आणि काठाला उतरण नाही. कार्ला-भाजे लेण्यांच्या भिंती उकरणे हा तर गुन्हाच. म्हणून खदाणच घरी आणू या.

शेताच्या बांधावर, नदीच्या पात्रात गारगोट्या मिळतात. त्या मुलांनीच वेचाव्यात, मोठे कोणी सोबत असावे. अजिंठा-वेरूळच्या सहलीत घेतलेला एखादा स्फटिक किंवा अंगठीतून निसटलेला खडाही चालेल. तसबीहचे मणी मात्र यात घालू नयेत.

रंगाच्या दुकानातून पीओपी आणा. दोन वाट्या पीओपी, दोन वाट्या चाळलेली कोरडी वाळू आणि कातळाचा रंग यावा म्हणून दोन चमचे कोळशाची पूड, हे सगळे कोरडेच मिसळा. मग साधारण सव्वा वाटी पाणी घालून लाकडी काडीने ढवळा. इडलीच्या पिठाइतके घट्ट हवे. आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्याला आतून तेलाचा हात फिरवा, निम्मे मिश्रण ओता, वर खडे मांडा आणि उरलेले ओता. हात चटचट चालवावा लागतो, कारण दहा-पंधरा मिनिटांत ते आळू लागते. तासाभराने वीट काढून दोन दिवस उन्हात ठेवा. वाळू वाढवली तर वीट ठिसूळ होते, लहानांना सोपी जाते. मैदा-मिठाची वीटही करतात, पण अन्न मातीत घालणे आम्हाला पटत नाही. पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी शेतातली माती आणि वाळू कालवून वाळवलेला गोळा पुरे. तीन वर्षांखालच्यांना यापासून दूर ठेवा. खडा पहिला तोंडातच जातो.

आता एक गोष्ट कडक शब्दांत सांगायची आहे. पीओपी आळताना तापते. हाताचा ठसा घेण्यासाठी पंजा त्यात बुडवून ठेवणे हा खेळ नव्हे. इंग्लंडमध्ये २००७ साली एका शाळकरी मुलीने कलेच्या तासाला प्लास्टरच्या बादलीत हात ठेवले. ते आत अडकले, भाजले आणि तिला जवळपास सगळी बोटे गमवावी लागली. म्हणून कालवण्याचे काम मोठ्यांनी करावे, तेही नाकावर रुमाल बांधून.

ते का तापते, हे मात्र मुलांना जरूर सांगा. जिप्सम नावाचा दगड भाजून त्यातले बरेचसे पाणी उडवले की पीओपी होते. पाणी परत मिळाले की त्याचे पुन्हा जिप्समचे बारीक स्फटिक बनतात, एकमेकांत गुंततात, आणि उष्णता बाहेर पडते. कातळातल्या स्फटिकांना फार मोठा काळ लागला. इथे डब्यात तासाभरात स्फटिक तयार होतात, फक्त डोळ्यांना दिसत नाहीत.

खोदाई अंगणात किंवा गच्चीवर, खाली वर्तमानपत्र पसरून. छिन्नी-हातोडी नको, जुना चमचा, बोथट खिळा आणि दात घासायचा जुना ब्रश बास. डोळ्यांवर चष्मा हवा. धूळ उडू नये म्हणून वीट अधूनमधून ओली करायची. घाई करणाऱ्या मुलाचा खडा तुटतो आणि त्याला ते लगेच कळते, आपण ओरडायची गरज पडत नाही. दोन भावंडे असतील तर दोन विटा करा, नाहीतर घराचे रणांगण होईल!

निघालेला प्रत्येक खडा धुऊन, कापूस घालून काड्यापेटीत ठेवायचा. वर चिठ्ठी: कुठे मिळाला, कोणत्या तारखेला, कोणी वेचला. आमच्या शाळेतली मुले एका बाजूला मराठीत आणि दुसऱ्या बाजूला उर्दूत लिहितात. शंका असेल तिथे खड्याचे नाव लिहू नये, प्रश्नचिन्ह काढावे. बस-रिक्षाची सोय झाली तर सिन्नरचे गारगोटी संग्रहालय मुलांना दाखवून आणा. काही प्रश्नचिन्हे तिथे सुटतील. उरलेला चुरा आणि भांडे धुतलेले पाणी मोरीत ओतू नका. ते नळीत जाऊन आळते आणि मग प्लंबर बोलवावा लागतो.