किनारा सोडण्यापूर्वी

भोपाळमधील महाराणा प्रताप नगर हा दुकाने, कार्यालये आणि शिकवणीवर्ग यांनी गजबजलेला भाग आहे. तेथील एखाद्या मराठी घरात फोडणी देताना हिंग संपल्याचे ध्यानात आले, तर मुलाला खालच्या दुकानात पिटाळले की काम भागते. विसरभोळेपणाची शिक्षा फार तर पाच मिनिटांची! त्याच शहराच्या मोठ्या तलावावर मुले शिडाच्या लहान होड्या हाकण्यास शिकतात. तेथे होडी उलटली किंवा वारा पडला, तर काठावरून मदतीची नाव येऊन पोहोचते. परंतु जिला पाच-सहा आठवडे किनाऱ्याचे दर्शनही घडावयाचे नाही, अशा नौकेचे काय? तिच्यावर जे चढविले तेवढेच पुढे मिळणार. जे मागे राहिले ते राहिलेच. म्हणूनच दूरच्या सागरप्रवासाचा निम्मा भाग किनाऱ्यावरच पार पडतो, असे म्हणावयास हरकत नाही.

याचे उत्तम उदाहरण कमांडर दिलीप दोंदे यांच्या पृथ्वीप्रदक्षिणेत सापडते. शिडाच्या नौकेतून एकट्या भारतीयाने जगाला वळसा घालावा, ही कल्पना निवृत्त व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी उचलून धरली आणि २००६ साली दोंदे यांनी त्यासाठी आपणहून नाव दिले. प्रत्यक्षात त्यांनी मुंबईचा किनारा सोडला तो १९ ऑगस्ट २००९ रोजी, आणि मे २०१० मध्ये ते परत आले. म्हणजे प्रवास नऊ महिन्यांचा, तर तयारी तीन वर्षांहून अधिक काळाची!

या काळात काय काय झाले? पहिली गोष्ट म्हणजे नौका. गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ५६ फूट लांबीची नौका बांधण्यात आली आणि तेथील नदीवरून तिचे नाव ‘म्हादेई’ ठेवण्यात आले. दुसरी गोष्ट म्हणजे गुरू. १९६८-६९ साली कोठेही न थांबता एकट्याने जगप्रदक्षिणा पुरी करणारे पहिले खलाशी सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांचा सल्ला दोंदे यांना लाभला. नॉक्स-जॉन्स्टन यांची ‘सुहेली’ ही सागवानी नौका मुंबईतच बांधलेली होती, हा योग लक्षात ठेवण्याजोगा आहे. तिसरी गोष्ट म्हणजे शिधासामग्री. तिचा विचार थोडा तपशिलाने केला पाहिजे.

सामग्रीत पहिला मान पाण्याचा. पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी दररोज तीन लिटर पाणी धरले, तर सहा माणसांना एका दिवसास अठरा लिटर लागतात. प्रवास त्रेचाळीस दिवसांचा असेल, तर हा आकडा ७७४ लिटर होतो. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. तेव्हा एकट्या पाण्याचेच ओझे पाऊण टनाच्या वर जाते! खाऱ्या पाण्याचे गोडे पाणी करणारी यंत्रे आता मिळतात. पण यंत्र बंद पडले तर काय, हा प्रश्न किनाऱ्यावरच विचारावा लागतो. शिवाय सर्व पाणी एकाच टाकीत ठेवणे धोक्याचे. कमांडर अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये याच ‘म्हादेई’तून न थांबता प्रदक्षिणा केली. परतीच्या टप्प्यात त्यांचे टाकीतील पिण्याचे पाणी डिझेलने दूषित झाले. उरलेल्या थोड्या पाण्यावर आणि पावसाने दिलेल्या पाण्यावर त्यांना दिवस काढावे लागले. निरनिराळ्या भांड्यांत भरलेले पाणी आणि पाऊस धरण्याची सोय या दोन गोष्टी किती मोलाच्या, हे अशा प्रसंगी उमगते.

दुसरा मान अन्नाचा. बटाटे, कांदे, लसूण, कोबी ही टिकाऊ भाजी आधी. पालेभाजी पहिल्या दोन-चार दिवसांपुरतीच. तांदूळ, डाळी, पीठ आणि मीठ हवाबंद डब्यांत. सैनिकांसाठी अन्न तयार करणाऱ्या म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेची शिजवून हवाबंद केलेली पाकिटे अशा मोहिमांत उपयोगी पडली आहेत. वादळात चूल पेटविणे अशक्य झाले, तरी ती थंडच उघडून खाता येतात. ताज्या फळांची उणीव मात्र जिवावर बेतू शकते. पूर्वी लांबच्या सफरींत हिरड्यांतून रक्त येऊन खलाशी दगावत. १७४७ साली जेम्स लिंड या जहाजावरील वैद्याने बारा रोग्यांवर निरनिराळे उपचार करून पाहिले. त्यांपैकी ज्या दोघांना संत्री व लिंबे दिली, ते सर्वांत लवकर सुधारले. आज जीवनसत्त्वाच्या गोळ्या मिळतात, तरीही नौकेवर लिंबांची पिशवी असावीच.

तिसरी बाब रचनेची. जड सामान तळाशी आणि दोन्ही बाजूंना सारखे विभागावे लागते. नाही तर नौका एकीकडे कलते. दमट हवेने डब्यांवरील कागद गळून पडतात. म्हणून प्रत्येक डब्यावर न पुसणाऱ्या शाईने नाव लिहावे, आणि कोणती वस्तू कोठे आहे याची वही ठेवावी. शिडे शिवण्याच्या सुया व दोरा, जादा दोर, हत्यारे, यंत्रांचे सुटे भाग आणि औषधांची पेटी यांची नोंदही तीतच हवी. रात्रीच्या काळोखात, नौका हिंदकळत असताना, ‘कोठे ठेवले असेल बरे?’ असा विचार करण्यास सवड नसते.

सामग्री पैशाने मिळते. माणसे तशी मिळत नाहीत. नौदलाच्या ‘तारिणी’ नौकेची कथा या दृष्टीने बोधप्रद आहे. १० सप्टेंबर २०१७ रोजी सहा महिला अधिकारी गोव्याहून निघाल्या आणि २१ मे २०१८ रोजी परतल्या. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी या प्रमुख होत्या. प्रतिभा जामवाल, पी. स्वाती, ऐश्वर्या बोड्डापट्टी, एस. विजया देवी आणि पायल गुप्ता या त्यांच्या सहकारी. त्यांनी तोडलेले अंतर सुमारे २१,६०० सागरी मैल, म्हणजेच जवळपास चाळीस हजार किलोमीटर. विषुववृत्ताचा घेरही एवढाच आहे. परंतु निघण्यापूर्वीच त्यांनी गोव्याहून मॉरिशसपर्यंत आणि पुढे केपटाऊनपर्यंत सरावाच्या सफरी केल्या होत्या. त्यांना शिकविणारे होते दिलीप दोंदे. साडेआठ महिने चिंचोळ्या जागेत एकमेकींच्या श्वासाइतके जवळ राहावयाचे, तर कोण आजारात धीर धरते, कोणाला पहाटेचा पहारा झेपतो, कोणाचा हात यंत्रावर बसतो, हे आधीच कळलेले बरे. या गोष्टी मुलाखतीत कळत नाहीत. त्या सरावाच्या समुद्रातच कळतात. शेवटच्या टप्प्यात सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला, तेव्हा ‘तारिणी’ने मॉरिशसमधील पोर्ट लुईस बंदर गाठून दुरुस्ती करून घेतली. उत्तम तयारी संकट टाळीलच असे नाही. परंतु संकटात पुढचे पाऊल कोणते, हे ती सांगते.

मग जो एकटाच निघतो, त्याला सोबती नसतात काय? असतात, फक्त ते किनाऱ्यावर असतात. दोंदे समुद्रात असताना त्यांच्यासाठी किनाऱ्यावर धडपडणाऱ्यांत अभिलाष टॉमी हे एक होते. आधी दुसऱ्याची तयारी करून दिली आणि मगच स्वतःची पाळी आली. सागरी विद्येची याहून चांगली शाळा कोणती असेल?

हे सारे नौदलाच्या मोठ्या मोहिमांपुरतेच आहे, असे मात्र नाही. पावसाळ्यातील बंदी संपून हंगाम उघडण्याच्या सुमारास महाराष्ट्राच्या कोळीवाड्यांत हीच लगबग चालते. जाळी दुरुस्त होतात, बर्फ, डिझेल, पाणी आणि किराणा चढतो. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण होतो, तर वसईच्या ख्रिस्ती कोळ्यांच्या वस्त्यांत धर्मगुरू होड्यांना आशीर्वाद देतात. तांडेल हा नौकेचा प्रमुख. माणसे जमविण्याची चिंता त्यालाही असतेच. हंगामापूर्वी उचल देऊन खलाशी बांधून घेण्याची रीत जुनी आहे. डहाणू-तलासरीकडचे कित्येक आदिवासी तरुण गुजरातच्या बोटींवर कामाला जातात, आणि त्यांपैकी काही जण सागरी सीमा ओलांडल्याच्या आरोपावरून पाकिस्तानच्या तुरुंगातही अडकले आहेत. बोटीवर कोण चढले, त्याचे गाव कोणते, त्याच्याजवळ ओळखपत्र आहे की नाही, ही नोंद किनाऱ्यावर राहिली, तरच घरच्यांना त्याचा माग लागतो. तांदळाच्या पोत्याची नोंद ठेवणाऱ्या वहीत माणसाची नोंद आधी हवी.

तात्पर्य, सागरप्रवासाची सिद्धता म्हणजे नुसती खरेदी नव्हे. काय लागेल याचा हिशेब, ते कोठे आहे याची आठवण, एक गोष्ट बिघडली तर दुसरी कोणती याची तजवीज, आणि शेजारी कोण उभे आहे याची खात्री, या चार गोष्टी मिळून ती होते. दुकान पाच मिनिटांवर असणाऱ्याला यांची किंमत सहसा कळत नाही. दोर सुटून धक्का मागे पडू लागला, की ती क्षणात कळते; पण तेव्हा उशीर झालेला असतो.