बेपत्ता प्रौढ अपत्याचा शोध : पालकांचा हक्क आणि शासनयंत्रणेचे दायित्व

मृत्यूचे दुःख कितीही मोठे असले तरी त्याला एक निश्चित स्वरूप असते. अंत्यसंस्कार होतात, मृत्यूचा दाखला मिळतो, वारसनोंद होते आणि काळाच्या ओघात कुटुंब सावरू लागते. बेपत्ता व्यक्तीच्या आप्तांना यांपैकी काहीही लाभत नाही. व्यक्ती जिवंत आहे असे गृहीत धरावे तर तिचा ठावठिकाणा नाही आणि मृत मानावे तर पुरावा नाही, अशा अवस्थेत वर्षानुवर्षे काढावी लागतात. बेपत्ता झालेले अपत्य १८ वर्षांवरील असेल तर या अवस्थेला कायदेशीर अडचणींचीही जोड मिळते. बालकाच्या बाबतीत कायदा तत्पर आहे, प्रौढाच्या बाबतीत मात्र तो सावध आहे. या सावधपणामागे सबळ कारण असले तरी त्याचा परिणाम म्हणून शोधाचा मोठा भार वृद्ध आई-वडिलांवर पडतो. याविषयीच्या कायदेशीर तरतुदी, त्यांचा विकास आणि त्यांतील उणिवा यांचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

केरळमधील एका पित्याचा लढा

या विषयाचा विचार करताना केरळमधील राजन प्रकरण टाळता येत नाही. कालिकतच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाचा (आजची राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था) विद्यार्थी पी. राजन याला १ मार्च १९७६ रोजी पोलिसांनी ताब्यात घेतले. त्यापूर्वी कायण्णा येथील पोलीस ठाण्यावर झालेल्या नक्षलवादी हल्ल्याच्या तपासाची ही पार्श्वभूमी होती. राजनला कक्कयम येथील पोलीस छावणीत नेण्यात आले. त्यानंतर तो कोणालाही दिसला नाही.

राजनचे वडील टी. व्ही. ईचर वारियर हे हिंदीचे प्राध्यापक होते. त्यांनी अधिकारी, मंत्री आणि लोकप्रतिनिधी यांची दारे ठोठावली, अर्जामागून अर्ज केले. परंतु मुलगा कोठे आहे याचे उत्तर मिळाले नाही. न्यायालयात जाण्याचा मार्गही त्या काळात बंद होता. देशात आणीबाणी लागू होती आणि २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ए.डी.एम. जबलपूर खटल्यात ४ विरुद्ध १ अशा बहुमताने असा निर्णय दिला होता की, आणीबाणीतील राष्ट्रपतींच्या आदेशामुळे स्थानबद्धतेविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागता येणार नाही. न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांचे एकमेव मत विरोधी होते. अशा निर्णयाचा सामान्य कुटुंबाच्या दृष्टीने काय अर्थ होतो, हे राजन प्रकरणातून समजते. ‘माझा मुलगा कोठे आहे?’ एवढा प्रश्न विचारण्याचे ठिकाणच उरले नव्हते.

मार्च १९७७ मध्ये आणीबाणी उठताच वारियर यांनी केरळ उच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका दाखल केली. राजनला ताब्यात घेतलेच नाही, असा शासनाचा पवित्रा होता. साक्षीपुराव्यानंतर न्यायालयाने तो अमान्य केला आणि १३ एप्रिल १९७७ रोजी राजनला न्यायालयासमोर हजर करण्याचा आदेश दिला. तसे करणे शक्य झाले नाही. राजनचा पोलीस कोठडीत मृत्यू झाल्याचे पुढे शासनाला मान्य करावे लागले. अटकेच्या काळात गृहमंत्री असलेले आणि नुकतेच मुख्यमंत्री झालेले के. करुणाकरन यांना २५ एप्रिल १९७७ रोजी राजीनामा द्यावा लागला. तथापि, राजनचा मृतदेह कधीही सापडला नाही. २००६ मध्ये वारियर यांचे निधन झाले, तोपर्यंत त्यांचा प्रश्न अंशतः अनुत्तरितच राहिला होता.

या काळातील अनुभवांतून पुढे मोठे बदल घडले. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २० व २१ मधील हक्कांची अंमलबजावणी आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, अशी तरतूद केली. १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्यात अटकेची लेखी नोंद ठेवणे व आप्तांना कळविणे बंधनकारक ठरविण्यात आले. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम ३७ नुसार अटक केलेल्या व्यक्तींची माहिती ठेवण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात व प्रत्येक पोलीस ठाण्यात अधिकारी नेमणे आवश्यक आहे, तर कलम ४८ नुसार अटकेची माहिती आप्तांना द्यावी लागते. जबलपूर खटल्यातील निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात रद्दबातल ठरविला.

बालक आणि प्रौढ : कायद्यातील भेद

कोठडीतून नाहीशी होण्याची प्रकरणे अत्यंत गंभीर असली तरी बेपत्ता प्रौढांपैकी बहुसंख्यांचे कारण वेगळे असते. मनोविकार, कौटुंबिक कलह, कर्जबाजारीपणा, रोजगारासाठीचे स्थलांतर, मानवी व्यापार, अपघात, नैसर्गिक आपत्ती किंवा स्वेच्छेने घर सोडणे अशी अनेक कारणे संभवतात. नेमके कारण आरंभी कोणालाच ठाऊक नसते आणि येथेच कायद्याची पहिली अडचण उद्भवते.

१८ वर्षांखालील बालकाला पालकाच्या संमतीविना पळवून नेणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. त्यामुळे बालक बेपत्ता होताच गुन्हा घडल्याचे गृहीत धरता येते. बचपन बचाओ आंदोलन विरुद्ध भारत सरकार या खटल्यात १० मे २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बेपत्ता बालकाच्या प्रत्येक तक्रारीवर प्रथम खबर अहवाल नोंदविण्याचे निर्देश दिले. प्रौढ व्यक्ती मात्र स्वतःच्या मर्जीने कोठेही जाऊ शकते. अनुच्छेद १९ ने तिला देशात मुक्तपणे संचार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. तिच्या बाबतीत अपहरणाचा आरोप टिकण्यासाठी बळजबरी किंवा फसवणूक झाल्याचे दिसावे लागते. परिणामी प्रौढाच्या बाबतीत सामान्यतः गुन्हा दाखल न होता केवळ ‘हरवल्याची नोंद’ घेतली जाते.

हा भेद विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावा. प्रथम खबर अहवालानंतर पोलिसांना तपासाचे वैधानिक अधिकार मिळतात, तपासाची प्रगती न्यायदंडाधिकाऱ्यांपर्यंत जाते आणि अखेरीस अहवाल द्यावा लागतो. हरवल्याच्या नोंदीला असे बंधन नसते. तिचा पाठपुरावा बहुतांशी संबंधित अधिकाऱ्याच्या तत्परतेवर अवलंबून राहतो.

तरीही पालकांच्या हाती काही साधने आहेत. नोंद घेण्यापूर्वी २४ तास थांबावे लागते, ही समजूत सर्वत्र आढळते. परंतु असा कोणताही कायदा नाही. घातपात, अपहरण अथवा मानवी व्यापार यांचा संशय असेल आणि तक्रारीतून दखलपात्र गुन्हा दिसून येत असेल तर ललिता कुमारी खटल्यातील घटनापीठाच्या १२ नोव्हेंबर २०१३ च्या निर्णयानुसार प्रथम खबर अहवाल नोंदविणे पोलिसांवर बंधनकारक आहे. तसेच १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात खबर देता येते. मूल एका राज्यात आणि आई-वडील दुसऱ्या राज्यात, अशा स्थितीत ही तरतूद मोलाची आहे.

बंदी प्रत्यक्षीकरण : सामर्थ्य व मर्यादा

अनुच्छेद ३२ अन्वये सर्वोच्च न्यायालय आणि अनुच्छेद २२६ अन्वये उच्च न्यायालय बंदी प्रत्यक्षीकरणाचा (देहोपस्थितीचा) आदेश देऊ शकते. बंदिवान स्वतः न्यायालयात येऊ शकत नसल्याने त्याच्या वतीने आप्तांना वा अन्य व्यक्तीला अर्ज करता येतो. सेबॅस्टियन होंग्रे खटल्यात मणिपूरमधील दोन व्यक्तींना हजर करण्याच्या आदेशाचे पालन न झाल्याने सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये त्यांच्या पत्नींना प्रत्येकी १ लाख रुपये देण्याचा आदेश दिला. व्यक्ती परत मिळत नसेल तरी शासन उत्तरदायित्वातून मुक्त होत नाही, हे तत्त्व त्यातून दृढ झाले.

या साधनाची मर्यादाही आहे. कोणीतरी त्या व्यक्तीस बेकायदेशीरपणे अडकवून ठेवले आहे, असे मानण्यास काही आधार असावा लागतो. शिवाय प्रौढ व्यक्ती सापडल्यावर तिची इच्छा निर्णायक ठरते. शफीन जहान विरुद्ध अशोकन के. एम. या खटल्यात पित्याने आपल्या मुलीसंबंधी ही याचिका केली होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले की, प्रौढ स्त्रीने कोठे राहावे व कोणाशी विवाह करावा हा तिचा अधिकार आहे. म्हणजेच अपत्य सुरक्षित आहे की नाही हे जाणण्याची पालकांची अपेक्षा रास्त असली तरी त्याला परत आणण्याचा हक्क त्यांना नाही. शोधाचा हेतू ताबा मिळविणे हा नसून सत्य कळणे हा आहे.

दोन नोंदींमधील दरी

देशात एकीकडे हरवलेल्या व्यक्तींच्या नोंदी आहेत, तर दुसरीकडे अनोळखी मृतदेहांच्या. बेवारस मृतदेह आढळल्यास अकस्मात मृत्यूची नोंद होते, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली पंचनामा होतो आणि ठरावीक काळ वाट पाहून अंत्यविधी केला जातो. या दोन नोंदी वेळेत जुळल्या नाहीत तर एका राज्यात आई-वडील मुलाची वाट पाहत राहतात आणि दुसऱ्या राज्यात त्याच मुलावर अनोळखी म्हणून अंत्यसंस्कार झालेले असतात.

सातव्या अनुसूचीनुसार ‘पोलीस’ हा राज्यसूचीतील विषय असल्याने ही जुळणी स्वाभाविकपणे कठीण होते. त्यावर उपाय म्हणून २००४ पासून दिल्ली व काही शेजारील राज्यांच्या पोलिसांनी ‘झिपनेट’ या संकेतस्थळावर हरवलेल्या व्यक्ती व अनोळखी मृतदेह यांची माहिती एकत्र देण्यास सुरुवात केली. २००९ मध्ये मंजूर झालेल्या ‘सीसीटीएनएस’ प्रकल्पाने देशभरातील पोलीस ठाणी संगणकीय जाळ्याने जोडण्याचे काम हाती घेतले. तथापि, छायाचित्र व वर्णन यांवरून ओळख पटविण्यास मर्यादा असतात. २०१९ मध्ये लोकसभेत मांडलेल्या डीएनए तंत्रज्ञान विधेयकात बेपत्ता व्यक्ती आणि अनोळखी मृत व्यक्ती यांच्यासाठी स्वतंत्र सूची प्रस्तावित होत्या. खासगीपणाविषयीच्या आक्षेपांमुळे हे विधेयक वादग्रस्त ठरले आणि जुलै २०२३ मध्ये मागे घेण्यात आले.

जिवंत असूनही हरवलेले

काही बेपत्ता व्यक्ती मनोविकारामुळे रस्त्यांवर, रेल्वे स्थानकांवर भटकत असतात. त्यांना स्वतःचे नाव-गाव सांगता येत नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम १०० नुसार बेघर वा भटकणाऱ्या मनोरुग्णाच्या बाबतीत हरवलेल्या व्यक्तीचा प्रथम खबर अहवाल नोंदविणे आणि कुटुंबाचा शोध घेणे हे ठाणे प्रमुखाचे कर्तव्य ठरविले आहे. येथे कायदा सापडलेल्या व्यक्तीपासून आरंभ करून तिच्या घरापर्यंत पोहोचतो, हे त्याचे वैशिष्ट्य होय.

या क्षेत्रात महाराष्ट्रातील एका संस्थेचे कार्य पथदर्शक आहे. डॉ. भरत वाटवानी यांच्या श्रद्धा पुनर्वसन संस्थेचे कर्जत येथील केंद्र रस्त्यावरील मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना देशाच्या विविध भागांतील कुटुंबांकडे पोहोचविते. या कार्यासाठी डॉ. वाटवानी यांना २०१८ चा रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. उपचारांनंतर स्मृती स्थिरावली की रुग्ण गावाचे नाव सांगू लागतो. म्हणून अशा प्रकरणांत औषधोपचार हाच तपासाचा पहिला टप्पा ठरतो.

सात वर्षांचा नियम

शोध निष्फळ ठरल्यास काय? भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ च्या कलम १०८ मधील तरतूद आता भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम १११ मध्ये आली आहे. एखादी व्यक्ती जिवंत असती तर ज्यांना तिच्याविषयी साहजिकच कळले असते, त्यांना ७ वर्षे काहीही कळले नसेल, तर ती जिवंत असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर येते. मात्र आयुर्विमा महामंडळ विरुद्ध अनुराधा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्पष्ट केले की, या नियमाने मृत्यूचे गृहीतक मिळते, मृत्यूची तारीख मिळत नाही. विमा, निवृत्तिवेतन व वारसा यांच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा ठरतो.

आपत्तीच्या प्रसंगी एवढी दीर्घ प्रतीक्षा अन्यायकारक ठरते. म्हणून २०१३ ची केदारनाथ आणि २०२१ ची चमोली येथील आपत्ती यांनंतर बेपत्ता व्यक्तींना चौकशीअंती मृत मानून ७ वर्षांपूर्वीच दाखले देण्याची विशेष कार्यपद्धती अवलंबिण्यात आली. असे असले तरी दाखला स्वीकारणे म्हणजे आशा सोडणे, असे अनेक पालकांना वाटते. उपजीविकेसाठी दाखला हवा आणि मन मात्र तो नाकारते, हा पेच कोणत्याही कायद्याला पूर्णतः सोडविता येणार नाही.

पुढील दिशा

सक्तीने नाहीसे करण्यापासून सर्व व्यक्तींना संरक्षण देणारा आंतरराष्ट्रीय करार संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २००६ मध्ये स्वीकारला. बेपत्ता व्यक्तीचे काय झाले हे जाणण्याचा हक्क त्यात आप्तांनाही दिला आहे. भारताने ६ फेब्रुवारी २००७ रोजी त्यावर स्वाक्षरी केली. मात्र अद्याप त्याला अनुसमर्थन दिलेले नाही.

प्रौढ व्यक्तीच्या स्वातंत्र्याला बाधा न आणता पालकांचा भार हलका करणे शक्य आहे. हरवल्याच्या नोंदीचा ठरावीक मुदतीत आढावा घेऊन त्याची लेखी माहिती कुटुंबाला द्यावी. अनोळखी मृतदेहाच्या अंत्यविधीपूर्वी देशभरातील नोंदींशी पडताळणी अनिवार्य करावी. खासगीपणाची हमी देणारा आणि केवळ बेपत्ता व्यक्तींपुरता मर्यादित असा डीएनए कायदा विचारात घ्यावा. स्वेच्छेने घर सोडलेली व्यक्ती सापडल्यास तिच्या संमतीने, पत्ता उघड न करता, ती सुखरूप असल्याचे पालकांना कळवावे. यांपैकी बहुतेक उपायांना मोठ्या खर्चापेक्षा प्रशासकीय शिस्तीचीच अधिक गरज आहे.

उद्या प्रशासनात दाखल होणाऱ्या तरुण अधिकाऱ्यांसमोर असे अर्ज येतील. त्यांपैकी कित्येक अर्ज त्याच पालकांनी त्याच कार्यालयात पूर्वीही दिलेले असतील. अशा वेळी शोधाचे यश अधिकाऱ्याच्या हाती असेलच असे नाही. परंतु प्रामाणिक व वेळेवर दिलेले उत्तर मात्र निश्चितच त्याच्या हाती असते. आपल्या अपत्याचे काय झाले हे जाणून घेण्याचा नागरिकाचा प्रश्न दप्तरात पडून राहू न देणे, ही कल्याणकारी राज्याची किमान जबाबदारी होय.